तेरा आकडे आणि अकराचा ताळा

सून विहिरीत छातीएवढ्या पाण्यात उभी होती. केबलचा जोड उघडा होता आणि तिच्या हातातून निसटून पाण्यात गेला होता. लाईट दहाला येणार होती. माझ्या फोनात नऊ सेहेचाळीस झाले होते.

लाईट आली की आमची मोटर आपोआप सुरू होते. स्टार्टरच्या पेटीला ऑटो लावलेला आहे. मोटर सुरू झाली की करंट त्या उघड्या जोडात, आणि जोड तिच्या पाण्यात. तिने दोन्ही हातांनी लोखंडी पाइपाला मिठी मारली होती. पाइप सोडला तर बुडणार, धरला तर करंट. पोहता तिला येत नाही.

"आई, पेटी बंद करा!" ती खालून ओरडली.

पेटी नाल्याच्या पलीकडे, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीजवळ. सून तिथे पाच मिनिटांत जाते. माझ्या गुडघ्यांना वीस मिनिटं लागतात. चौदा मिनिटं होती, आणि लाईट कधी दहाच्या आधीही येते.

हे कसं झालं ते सांगते. मोटर दोन दिवस सुरू होऊन लगेच बंद पडत होती. वायरमन येतो येतो म्हणत होता आणि कांद्याची लागवड तहानली होती. सुनेला वायरीचं काम येतं, माझ्या मुलापेक्षा चांगलं येतं. मुलगा सिन्नरला कारखान्यात असतो, सकाळी सातला जातो. सून म्हणाली, जोड पाण्याच्या वर आहे, उतरून नवी टेप गुंडाळते, वीस मिनिटांचं काम. तिने मला विचारलं, "पेटी बंद करून येऊ का आधी?"

मी म्हणाले, "कशाला? लाईट दहाला. आता नऊ वाजलेत."

हे मी म्हणाले. आमच्याकडे सगळे असंच करतात. लाईट नसते तेव्हा विहिरीची कामं उरकून घ्यायची, पेटीपर्यंत कोण जातो. पण त्या दिवशी ते शब्द माझ्या तोंडातून गेले, दुसऱ्या कुणाच्या नाही.

टेप सापडायला वेळ गेला, मग पक्कड सापडेना. ती उतरली तेव्हाच साडेनऊ झाले होते. जुनी टेप काढून तिने तांबं उघडं केलं आणि खालची लोखंडी पायरी भिंतीतून उपटून आली. सून खाली गेली. खडकाचा एक टप्पा पाण्याखाली आहे, त्यावर तिचा पाय पडला आणि मुरगळला. तिचा फोन कमरेला होता, तोही पाण्यात गेला. पेटीचा नंबर त्या फोनात होता.

मी मुलाला फोन लावला. वाजून वाजून थांबला. कामावर फोन कपाटात ठेवावा लागतो हे मला माहीत होतं, तरी लावला. मग वायरमनला लावला. तोही उचलेना. आजूबाजूला कुणी नाही. शेजारच्या मळ्याचे गुरुजी नाशिकला लेकीकडे गेलेले, त्यांचा मळा मोकळा. मी दोन हाका मारल्या. हाका मारण्यात वेळ घालवून उपयोग नाही हे लगेच कळलं.

पेटीत सिम असतं. तिला फोन केला की ती बोलते. चालू करायचं तर एक बटन, बंद करायचं तर दुसरं, ऑटो काढायचा तर तिसरं. आत छोटी बॅटरी आहे, म्हणून लाईट नसतानाही बोलते. आपला साधा मोबाईल नंबर दहा आकड्यांचा. या पेटीचा तेरा आकड्यांचा. लाख कोटींच्या घरातली संख्या. मी चौथी पास आहे, आम्हाला शाळेत कोटीच्या पुढे नेलंच नाही.

तो नंबर विहिरीच्या कठड्यावर आतल्या बाजूने लाल ऑइल पेंटने इंग्रजी आकड्यांत रंगवलेला होता. मीच रंगवून घेतला होता. माझ्या बटनांच्या फोनात मी नाव-नंबर भरत नाही, मला ते जमत नाही. पण मागच्या महिन्यात मोटर वर काढताना दोर घासला आणि कठड्याचा गिलावा उडाला. तेरातले दोन आकडे गेले. शेवटून तिसरा आणि चौथा. मी तेव्हा म्हणाले होते, रंगवून घेऊ. घेतला नाही. ऑटो होता, सुनेचा फोन होता, अडत नव्हतं.

मी वाकून पाहिलं. नऊ आकडे, मग सिमेंटचा खड्डा, मग दोन आकडे. आणि त्यांच्या पुढे थोडं अंतर सोडून माझे दोन आकडे शाबूत. पाच आणि तीन. पाच म्हणजे नवाचा ताळा. तीन म्हणजे अकराचा.

"आई!"

"थांब. नंबर काढते."

"भिंतीवर हाय ना!"

"दोन आकडे उडालेत."

ती म्हणाली, "लवकर काढा."

ताळ्याचं थोडं सांगावं लागेल. नवाचा ताळा मला शाळेतल्या बाईंनी शिकवला. संख्येतले सगळे आकडे मिळवायचे, बेरीज दोन आकडी आली तर तेही मिळवायचे, एक आकडा उरेपर्यंत. संख्या केवढीही असो, शेवटी एक आकडा उरतो. मला ती सवय लागली ती सुटली नाही. रेशन कार्डाचा नंबर, लाईट बिलावरचा ग्राहक नंबर, आधारचा नंबर, काही लिहिलं की शेजारी ताळा लिहायचा. पुन्हा लिहिताना ताळा जुळला तर नंबर बरोबर. घरातले हसायचे. सून म्हणायची, "आई देवालाबी ताळा लावून पाहतील."

पेटी नवीन घेतली तेव्हा दुकानदाराने नंबर चिठ्ठीवरून वाचून सांगितला आणि मी कागदावर घेतला. तो जोडीजोडीने सांगत होता. मधली एक जोडी त्रेपन्न होती. आपण त्रेपन्न म्हणताना तीन आधी म्हणतो, आणि माझा हात तोंडाच्या मागे जातो. मी तीन लिहिला, मग पाच लिहिला. म्हणजे पस्तीस झाले. दुकानदाराच्या चिठ्ठीवरच्या नंबराचा ताळा पाच, माझ्या कागदाचा ताळा पाच. जुळलं म्हणून मी चिठ्ठी परत दिली.

त्या संध्याकाळी मी माझ्या कागदावरून फोन लावला, पेटी बोलली, मी चालू केली. आमच्या विहिरीवर काहीच झालं नाही. मला वाटलं पेटीच खराब. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे गुरुजी ओट्यावर येऊन उभे राहिले. शाळेतून निवृत्त झालेले, रागावले तरी आवाज चढवत नाहीत.

"वहिनी, काल माझी मोटर कुणी चालू केली?"

"मला काय माहीत?"

"माझ्या पेटीत तुमचा नंबर दिसतोय. चार तास पाणी चाललं. रोपाचं तळं झालंय."

दोघांच्या पेट्या एकाच दुकानातल्या, एकाच दिवशी घेतलेल्या. त्यांच्या नंबरात पस्तीस, आमच्या नंबरात त्रेपन्न, बाकी अकरा आकडे तेच. मी कागद आणला आणि म्हणाले, "माझा ताळा जुळतोय. चूक माझी नाही."

"कुठला ताळा?"

"नवाचा."

गुरुजी हसले. मला राग आला. ते म्हणाले, "आकडे उलटसुलट केले तरी बेरीज तीच राहते ना वहिनी? मग तुमच्या ताळ्याला कसं कळणार? त्रेपन्नातून पस्तीस काढा."

"अठरा."

"नवाच्या पाढ्यात आहे का?"

"आहे."

"एक्क्याऐंशीतून अठरा काढा."

"त्रेसष्ट."

"तेही पाढ्यात. कुठलीही जोडी उलटी करून वजा करा, नवाच्या पाढ्यातच पडेल. म्हणून नवाचा ताळा अदलाबदलीला आंधळा असतो."

ते गेल्यावर मी पाटीवर जोड्या उलट्या करत बसले. बेचाळीस-चोवीस, एकाहत्तर-सतरा, एकूणनव्वद-अठ्ठ्याण्णव. सगळ्या नवाच्या पाढ्यात पडल्या. मला भीती वाटली. साठ वर्षं मी याच ताळ्यावर विसंबून नंबर लिहिले होते. त्यातले किती उलटे होते कुणास ठाऊक. मी घरातले सगळे कागद काढून पुन्हा ताडून पाहिले. दोन चुका निघाल्या.

मग मीच गुरुजींकडे गेले आणि विचारलं, अदलाबदल ओळखणारा ताळा आहे का. त्यांनी अकराचा शिकवला. उजवीकडून सुरुवात करायची. एक आकडा एका गटात, पुढचा दुसऱ्या गटात, असं आळीपाळीने. दोन्ही गटांची वेगळी बेरीज. पहिल्यातून दुसरी वजा करायची. वजा होत नसेल तर पहिल्यात अकरा मिळवायचे, उत्तर जास्त आलं तर अकरा काढायचे. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की त्यांचे गट बदलतात आणि उत्तर बदलतं. त्या दिवसापासून मी दोन ताळे लिहायला लागले. कठड्यावर रंगवणारा म्हणाला, "आजी, हे पुढचे दोन आकडे कशाचे?" मी म्हणाले, "तू रंगव."

आता त्याच दोन आकड्यांसमोर मी बसले होते. विटेचा तुकडा घेतला आणि फरशीवर मांडायला लागले.

पहिल्यांदा अकरा आकड्यांची बेरीज पन्नास आली. पुन्हा केली, एक्कावन्न आली. कुठली खरी? तिसऱ्यांदा केली. प्रत्येक आकड्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने म्हणत गेले. एक्कावन्न.

"आई, पाय बधिर झाला. किती वाजले?"

नऊ बावन्न झाले होते. मी म्हणाले, "वेळ आहे."

पाच आणि एक सहा. कठड्यावर पाच. सहात किती मिळवले की ताळा पाच होईल? आठ. सहा नि आठ चौदा, एक नि चार पाच. सतराही चालतात, पण आधी आठ. म्हणजे उडालेल्या दोन आकड्यांची बेरीज आठ. चार-चार, शून्य-आठ, एक-सात, दोन-सहा, तीन-पाच. आणि याच सगळ्या उलट्या. एकेक लावून पाहायला अर्धा तास.

सुनेने खालून ऐकलं असावं. मी मोठ्याने बोलत होते. ती ओरडली, "पस्तीस! आई, पस्तीस हाय तिथं! मला आठवतंय, आपलं त्यावरूनच भांडण झालेलं!"

तीन आणि पाच आठ. ताळा जुळत होता. मी फोन उचलला आणि पहिले नऊ आकडे दाबलेही.

मग थांबले. भांडण झालं होतं ते पस्तीसवरून की त्रेपन्नवरून? आमचे कुठले आणि गुरुजींचे कुठले? मला आठवेना. आता मी हे सहज सांगते आहे, पण त्या वेळी डोक्यात काही राहिलं नव्हतं, फक्त पाण्यात पडलेला तो जोड दिसत होता. आणि दुसरी गोष्ट कळली. दोन्ही पेट्यांतली बाई एकाच आवाजात बोलते. गुरुजींची पेटी लागली असती तर तीही म्हणाली असती, ऑटो बंद केला आहे. मी सुनेला सांगितलं असतं, झालं, आता घाबरू नको. आणि आमचा ऑटो तसाच चालू राहिला असता.

नंतर गावात काही जण म्हणाले, दोन्ही नंबरांना लावायचा होता. बोलायला काय जातं. तेरा आकडे माझ्या बोटांनी दाबायचे, बाईचं सगळं बोलणं ऐकायचं, मग बटन. दोनदा करायला वेळ पुरला असता का, ते कुणालाच सांगता येणार नाही. आधी कुठला लावायचा ते ठरवायचंच होतं.

"लावला का?" सून ओरडली.

"अकराचा बाकी आहे."

"आई, मरीन मी इथं!"

"गप्प उभी राहा. पाइप सोडू नको."

उजवीकडून आळीपाळीने. एका गटाची बेरीज अठ्ठावीस, दुसऱ्याची तेवीस. दोन्ही मिळून एक्कावन्न, म्हणजे इथवर चूक नाही. आता जोडी घालायची. शेवटून तिसरी जागा पहिल्या गटात, चौथी दुसऱ्या गटात. पस्तीस घातले तर पाच पहिल्या गटात, तीन दुसऱ्यात. तेहेतीस आणि सव्वीस. तेहेतीसातून सव्वीस गेले, सात. कठड्यावर तीन होते.

पस्तीस नाही.

त्रेपन्न घातले. तीन पहिल्या गटात, पाच दुसऱ्यात. एकतीस आणि अठ्ठावीस. तीन.

बाकीच्या जोड्या मी तपासल्या नाहीत. ते घरी बसून नंतर केलं, सतराच्या जोड्याही केल्या, तीनवर दुसरी एकही येत नाही. तेव्हा मात्र मी त्रेपन्न धरले आणि फोन लावला. सहाव्या आकड्यावर बोट घसरलं. खोडलं, पुन्हा सुरू केलं. नऊ आकडे, पाच, तीन, दोन आकडे. वाजली. बाई बोलायला लागली. मोटर बंद आहे. लाईट नाही. चालू करण्यासाठी हे दाबा, बंद करण्यासाठी ते दाबा. ती घाई करत नाही. मी तिला तोंडाला येईल ते बोलले. शेवटी तिने ऑटोचं बटन सांगितलं, मी दाबलं.

ऑटो बंद केला आहे, असं ती म्हणाली. नऊ सत्तावन्न झाले होते.

"झालं," मी खाली ओरडले.

"आपलीच का?"

"आपलीच."

"कशावरून?"

"ताळ्यावरून."

"तुमच्या त्या ताळ्याला आग लागो," सून म्हणाली. तिचे दात वाजत होते.

मी कठड्याला धरून उभी राहिले. मला ताळा पटला होता, पण पटणं आणि सुनेला करंट न लागणं यात फरक आहे. बेरीज करताना चुकले असेन तर? तीन म्हणून वाचला तो आकडा आठ असेल आणि अर्धा रंग उडाला असेल तर? मी परत वाकून तो आकडा बोटाने चाचपला. तीनच होता. तरी पुन्हा चाचपला.

लाईट दोन मिनिटं आधी आली. नाल्यापलीकडून घरघर ऐकू आली आणि गुरुजींच्या मळ्यात पाइपातून पाणी पडायला लागलं. त्यांचा ऑटो चालू होता. मी विहिरीत पाहिलं. सून पाइपाला धरून तशीच उभी होती. पाणी हललं नाही. आमची मोटर गप्प होती.

"आली का लाईट?" तिने विचारलं.

"आली."

ती रडायला लागली. मी रडले नाही, मला उलटी झाली.

दहा वाजून पाच मिनिटांनी वायरमनचा फोन आला. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो गाडीवरून आधी डीपीजवळ गेला, पेटीचं मेन बटन पाडलं, मग रस्त्यावरची दोन माणसं आणि दोर घेऊन आला. त्यांनी बाजेला दोर बांधून सुनेला वर काढलं. घोट्याचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर होतं.

संध्याकाळी मुलगा आला. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "पेटी बंद का केली नाय आधी?"

सून म्हणाली, "माझ्या ध्यानात राह्यलं नाय."

मी म्हणाले, "तिच्या ध्यानात होतं. तिने विचारलं होतं. मी 'कशाला?' म्हणाले."

मुलगा ताट सारून उठला. चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही.

गुरुजी नाशिकहून परतल्यावर भेटायला आले. मी त्यांना फरशीवरची विटेची आकडेमोड दाखवली, ती मी पुसू दिली नव्हती. त्यांनी वाकून सगळी तपासली, पन्नास खोडून एक्कावन्न लिहिलं होतं तेही पाहिलं. म्हणाले, "बरोबर आहे." सुनेने चहा दिला, तो पिऊन गेले.

गिलावा केला आहे, नंबर पुन्हा रंगवला आहे, दोन्ही ताळ्यांसकट. सुनेने तो माझ्या फोनातही भरून दिला. आता विहिरीत कुणी उतरणार असेल तर मी आधी स्वतः पेटीपर्यंत चालत जाते आणि मेन बटन पाडून तिथेच बसून राहते. वीस मिनिटं जायला, वीस यायला. सून म्हणते, आई, मी जाते पाच मिनिटांत. मी तिला जाऊ देत नाही.

त्या दिवशी विहिरीत सून होती आणि कठड्यावर मी होते. दोघी जिवंत आहोत.